शीर्षकातून गळलेला शब्द : रेझिस्टिनचा पेपर वाचताना

चरबीतून सुटणाऱ्या हार्मोन्सवर काम करायचं ठरवलंत तर २००१ च्या जानेवारीत ‘नेचर’मध्ये आलेला रेझिस्टिनचा पेपर कधी ना कधी जर्नल क्लबमध्ये तुमच्या वाट्याला येणारच. पेनसिल्व्हेनिया विद्यापीठातल्या मिचेल लाझार यांच्या लॅबचा, पहिलं नाव स्टेपन यांचं. शीर्षकाचा अर्थ सरळ आहे : रेझिस्टिन हे हार्मोन लठ्ठपणाला मधुमेहाशी जोडतं. आता अॅबस्ट्रॅक्टचं शेवटचं वाक्य बघा. तिथे हेच विधान आहे, पण सोबत ‘कदाचित’ अशा अर्थाचा एक शब्द आहे. शीर्षकात तो नाही. माझं म्हणणं असं की या पेपरमधले प्रयोग बऱ्यापैकी टिकले. अडचण झाली ती त्या गळलेल्या शब्दाच्या जागी.

आधी पेपरला त्याचं श्रेय देऊ, कारण प्रश्न खरोखर सुंदर होता. रोझिग्लिटाझोन हे मधुमेहाचं औषध मुख्यतः मेदपेशींमधल्या एका रिसेप्टरवर काम करतं. पण रक्तातली बरीचशी साखर उचलतात ते स्नायू. मग चरबीला दिलेला हुकूम स्नायूंपर्यंत पोचतो कसा? मेदपेशी काहीतरी निरोप पाठवत असणार. म्हणून त्यांनी उंदराच्या मेदपेशी डिशमध्ये वाढवल्या आणि औषध दिल्यावर कोणती जनुकं शांत होतात ते शोधलं. त्यातून एक स्रवणारं प्रथिन हाती लागलं. ते इन्सुलिनला दाद न देण्याशी निगडित दिसलं, म्हणून त्याचं नाव रेझिस्टिन.

पुढची मांडणी पाठ्यपुस्तकात शोभावी अशी आहे. लठ्ठ उंदरांच्या रक्तात हे प्रथिन जास्त. अँटिबॉडी देऊन ते निष्प्रभ केलं की साखर सुधारते. निरोगी उंदराला ते टोचलं की साखर हाताळण्याची क्षमता बिघडते. म्हणजे काढून पाहिलं आणि घालूनही पाहिलं. नुसता परस्परसंबंध दाखवून थांबणाऱ्या ढीगभर पेपरांपेक्षा हे कितीतरी वरचं काम आहे.

इथे एक गोष्ट सहज नजरेतून सुटते. रोझिग्लिटाझोन घेणाऱ्यांचं वजन बऱ्याचदा वाढतं, आणि तरी इन्सुलिन चांगलं काम करायला लागतं. म्हणजे ज्या औषधाच्या आधाराने हा शोध लागला, तेच औषध ‘चरबी जास्त म्हणजे इन्सुलिन कमी प्रभावी’ या सरळ रेषेच्या विरुद्ध साक्ष देतं. (हृदयविकाराच्या धोक्यावरून ते २०१० मध्ये युरोपच्या बाजारातून गेलं, तो वेगळा विषय.) मी परीक्षक असतो तर पहिला प्रश्न इथेच विचारला असता.

त्याच वर्षी दुसऱ्या एका गटाने जवळजवळ उलटं छापलं : लठ्ठ उंदरांच्या चरबीत रेझिस्टिनचं जनुक दबलेलं असतं, आणि याच वर्गातली औषधं ते वाढवतात. मग कोण खोटं? दोघंही नाही. लाझार यांच्या लॅबने लठ्ठ उंदरांच्या रक्तातलं प्रथिन मोजलं होतं. या गटाने चरबीतला एमआरएनए मोजला. एमआरएनए कमी आणि रक्तातलं प्रथिन जास्त, असं एकाच प्राण्यात असू शकतं, आणि रेझिस्टिनच्या बाबतीत ते नंतर दिसूनही आलं. जर्नल क्लबमध्ये ‘रेझिस्टिन वाढतं’ असं कोणी म्हणालं की विचारा, काय वाढतं? औषधामुळे नेमकं काय होतं हा वाद मात्र एवढ्यावर पुरता सुटत नाही.

खरा धक्का माणसाकडे वळल्यावर बसला. माणसाच्या मेदपेशींमध्ये रेझिस्टिन जेमतेम सापडतं. आपल्याकडे ते मुख्यतः बनवतात मोनोसाइट आणि मॅक्रोफेज, म्हणजे रोगप्रतिकारक पेशी. उंदराचं आणि माणसाचं रेझिस्टिन अमिनो आम्लांच्या क्रमात साधारण ५९ टक्केच जुळतं. म्हणजे आपण त्याला एकाच नावाने हाक मारतो, पण दोन प्राण्यांत त्याचं घर वेगळं आहे.

गंमत म्हणजे खूण आधीपासून समोर होती. २००० साली दुसऱ्या एका गटाने अॅलर्जीने सुजलेल्या उंदरांच्या फुप्फुसातून याच कुटुंबातलं एक प्रथिन शोधलं होतं आणि कुटुंबाला ‘फिझ’ हे नाव दिलं होतं. दाहाच्या जागी सापडलेलं, असा त्या नावाचा अर्थ. रेझिस्टिन म्हणजे त्यातलं तिसरं भावंड. एका लॅबला ते दाहाचं रेणू वाटलं, दुसरीला मधुमेहाचं. नाव ठेवताना गृहीतकही चिकटतं, आणि पुढची पाच-दहा वर्षं विद्यार्थी ते गृहीतकच तपासत बसतात.

२००३ मध्ये दोन पेपर आले आणि चित्र बदललं : लठ्ठपणात चरबीच्या ऊतीत मॅक्रोफेज गर्दी करतात. म्हणून ‘मेदऊतीतून आलं’ आणि ‘मेदपेशीतून आलं’ यात जमीन-अस्मानाचा फरक आहे. चरबीचा तुकडा दळून मोजलं तर दोन्ही एकत्रच मोजलं जातं.

लाझार यांच्या लॅबचं मला कौतुक वाटतं ते पुढच्या कामासाठी. त्यांनी मूळ कल्पनेला चिकटून बसण्याऐवजी अवघड प्रयोग केला. उंदराचं स्वतःचं रेझिस्टिन काढून टाकलं आणि त्याच्या मॅक्रोफेजमध्ये माणसाचं रेझिस्टिन बसवलं. २००९ मध्ये छापून आलं : चरबीयुक्त आहारावर या उंदरांच्या मेदऊतीत दाह वाढला आणि इन्सुलिन कमी प्रभावी झालं. मॅक्रोफेजमधून आलेलं मानवी रेझिस्टिन हे करू शकतं, एवढं यातून सिद्ध होतं. माणसात ते हे करतं, असं सिद्ध होत नाही. रिव्ह्यू लिहिणारे अनेकजण या दोन वाक्यांमधली उडी न सांगता मारतात.

अशी उडी फसल्याचं उदाहरण याच क्षेत्रात आहे. लठ्ठ उंदरांत टीएनएफ-अल्फाचा रोल १९९३ मध्ये दिसला, आणि १९९६ मध्ये मधुमेही माणसांना त्याविरुद्धची अँटिबॉडी दिली तर इन्सुलिनच्या परिणामात फरक पडला नाही. रेझिस्टिन अडवणारं मधुमेहाचं औषधही आजपर्यंत बाजारात नाही.

हे सगळं आपल्याला का लागू? कारण एलायझा किट घ्यायचं, मधुमेही आणि निरोगी असे दोन गट करायचे, रक्तातलं रेझिस्टिन मोजायचं आणि बीएमआयशी आलेख काढायचा, हा प्रबंधाचा सोपा साचा आहे. त्यातला बीएमआय आपल्याकडे विशेष दगा देतो. पुण्याचे डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि लंडनचे जॉन युडकिन यांनी २००४ मध्ये ‘लॅन्सेट’मध्ये स्वतःचीच मापं छापली होती : दोघांचा बीएमआय २२.३, पण शरीरातली चरबी युडकिन यांची ९.१ टक्के आणि याज्ञिकांची २१.२ टक्के. तेव्हा आडव्या अक्षावर बीएमआय ठेवून चरबीच्या हार्मोनबद्दल बोलणं म्हणजे आधीच वाकडी पट्टी हातात घेणं. शक्य असेल तर डेक्सा स्कॅन करा, नाहीतर निदान कमरेचा घेर तरी मोजा.

उभ्या अक्षाचीही तीच गत. २००४ च्या एका प्रयोगात निरोगी स्वयंसेवकांना थोडं एंडोटॉक्सिन दिल्यावर काही तासांत रक्तातलं रेझिस्टिन चढलं. तेवढ्या वेळात चरबी काही वाढलेली नसते. म्हणून सॅम्पल घेताना सीआरपीही मोजा, आणि फॉर्मवर दोन साधे प्रश्न वाढवा : गेल्या पंधरा दिवसांत ताप आला होता का, आणि दाढ दुखतेय का?