१९९१ च्या अर्थोद्धाराचें श्रेय : एक साधनचिकित्सा

सन १९९१ च्या जूनमध्यें भारत सरकारपाशीं परकीय चलन जेमतेम दोन-तीन आठवड्यांच्या आयातीस पुरेल इतकेंच उरलें होतें. सन १९९४ च्या मार्चअखेर हीच गंगाजळी १५०० कोटी डॉलरांच्या वर गेली. हा पालट कोणाच्या कर्तृत्वानें घडला, याविषयीं राजकीय पक्षांत दीर्घकाळ वाद चालू आहे. कोणी अर्थमंत्री डॉ. मनमोहनसिंग यांस श्रेय देतात, कोणी पंतप्रधान नरसिंह राव यांस. आणि त्यांच्या आधींच्या चंद्रशेखर सरकारचे कैवारीही आपला वांटा मागतात. सन २००४ मध्यें रावांचें शव त्यांच्याच पक्षाच्या दिल्लींतील कचेरीच्या आवारांत घेतलें गेलें नाहीं. सन २०२४ मध्यें विरुद्ध पक्षाच्या सरकारनें त्यांस मरणोत्तर ‘भारतरत्न’ दिलें. या दोन गोष्टींवरून वादाचें स्वरूप ध्यानांत येतें. तो जितका अर्थशास्त्राचा, त्याहून अधिक वारसाहक्काचा आहे.

या विषयावर इंग्रजींत जे ग्रंथ झाले, त्यांत जयराम रमेश (२०१५), विनय सीतापती (२०१६) व संजय बारू (२०१६) यांचे तीन ग्रंथ प्रमुख होत. त्यांतील अर्थशास्त्राचा निवाडा त्या शास्त्राच्या जाणकारांनीं करावा. जुन्या कागदांस आपण ज्या कसोट्या लावतों, त्याच या साधनांस लावून पाहण्याचें येथें योजिलें आहे.

पहिली कसोटी काळाची. अस्सल पत्र लिहिणारास पुढें काय होणार हें ठाऊक नसतें. बखरकारास तें ठाऊक असतें, आणि त्या ज्ञानाची छाया त्याच्या प्रत्येक वाक्यावर पडते. या दृष्टीनें वरील तीनही ग्रंथ बखरीच्या वर्गांत पडतात. रमेश हे त्या वर्षीं कांहीं आठवडे पंतप्रधानांच्या कचेरींत कामास होते. त्यांनीं त्या वेळचीं भाषणें व कागदपत्रें जागोजाग उतरून दिलीं आहेत, ही त्यांच्या ग्रंथाची मोलाची बाजू. परंतु साक्षीदार अल्पकाळचा, आणि पुढें त्याच पक्षाच्या मंत्रिमंडळांत बसलेला, हें विसरतां येत नाहीं. सीतापतींस रावांचें खासगी दप्तर पाहावयास मिळालें. त्यामुळें त्यांच्या ग्रंथास जी सामग्री लाभली ती इतरांस लाभली नाहीं. येथेंही सावधगिरी हवी. ज्या घराण्याचें दप्तर उघडावें, त्याच घराण्यानें लढाई जिंकलेली दिसते, हा अनुभव सरदारी दप्तरें चाळणाऱ्या प्रत्येकास आहे. बारू यांनीं तर ग्रंथाच्या नांवांतच इतिहास घडविण्याचें कर्तृत्व रावांस देऊन टाकलें आहे. जें सिद्ध करावयाचें तें मथळ्यांतच आलें, म्हणजे वाचकानें दुप्पट जागें राहावें.

आतां समकालीन कागदाकडे वळूं. दि. २४ जुलै १९९१ रोजीं लोकसभेंत दोन कागद आले. एक अर्थमंत्र्यांचें अंदाजपत्रक. दुसरा नव्या औद्योगिक धोरणाचा. या दुसऱ्यानें १८ उद्योग वगळून बाकींच्यांची परवान्याची अट काढून टाकली. उद्योगखातें पंतप्रधानांनीं स्वतःकडे ठेविलें होतें. तथापि तो कागद सभागृहांत मांडला राज्यमंत्री पी. जे. कुरियन यांनीं. रमेश सांगतात कीं, मसुदा प्रथम मंत्रिमंडळांत अडखळला. आरंभीं नेहरू, इंदिरा गांधी व राजीव गांधी यांच्या धोरणाची परंपरा गाणारी प्रस्तावना जोडली, तेव्हां तो मार्गीं लागला.

ही प्रस्तावना मला या साऱ्या वादांतील सर्वांत बोलकें साधन वाटतें. कागदाचा मायना ज्यानें वाचला नाहीं, त्यानें मजकूर वाचला असें आपण मानीत नाहीं. येथें मायनाच सांगतो कीं, आम्ही नवीन कांहींच करीत नसून थोरांचेंच पुढें चालवीत आहों. म्हणजे कर्त्यांनीं आपलें श्रेय त्याच दिवशीं, आपल्याच हातानें, दिवंगतांच्या नांवें लिहून दिलें. याचें कारण उघड आहे. त्या जुलैंत वांटावयास श्रेय नव्हतेंच. जबाबदारीचें ओझें तेवढें होतें, आणि तें जितक्या खांद्यांवर पडेल तितकें बरें होतें. यास्तव, सरकारी कागदांत रावांचें नांव ठळक दिसत नाहीं, सबब त्यांचा वांटा अल्प, हें अनुमान टिकत नाहीं.

यावरून दुसरी कसोटी निघते : बेत फसता तर दोष कोणाच्या माथीं आला असता? जो अपयशाचा धनी होणार होता, तोच यशाचा वांटेकरी. ही कसोटी लावतां चंद्रशेखर सरकारचा वांटा नाकारतां येत नाहीं. जानेवारी १९९१ मध्यें नाणेनिधीचें कर्ज त्याच सरकारनें घेतलें. मे महिन्यांत, तें केवळ काळजीवाहू उरलें असतां, सरकारपाशीं जप्त होऊन पडलेलें २० टन सोनें स्टेट बँकेच्या द्वारें परदेशीं धाडलें गेलें. सोनें गहाण टाकल्याचा कलंक त्या सरकारास चिकटला, तो आजही पुरता पुसला नाहीं. जुलैंत रिझर्व्ह बँकेनें याच्या दुपटीहून अधिक, म्हणजे सुमारें ४७ टन सोनें तारण म्हणून बाहेर पाठविलें. तें नव्या सरकारच्या कारकीर्दींत. पुढें यश आलें म्हणून याची नोंद धैर्याच्या खातीं झाली. आधींची मात्र नामुष्कीच्या खातींच राहिली. एकाच जातीच्या दोन कृत्यांस दोन मापें लावणें न्यायाचें नव्हे.

रावांच्या बाजूनें बोलणारांसही एक अडचण आहे. रुपयाचें अवमूल्यन १ जुलै व ३ जुलै असें दोन टप्प्यांत झालें. दुसरा टप्पा थांबवावा असें रावांच्या मनांत आलें. अर्थमंत्र्यांनीं विचारलें तों रिझर्व्ह बँकेचे डेप्युटी गव्हर्नर रंगराजन तें काम उरकून बसले होते, असा वृत्तांत खुद्द रंगराजन यांनींच दिला आहे. म्हणजे निश्चल वीर हें रावांचें चित्र बखरीचें आहे. परंतु पाऊल पडल्यावर त्यांनीं तें मागें घेतलें नाहीं, व अर्थमंत्र्यास उघड्यावर सोडलें नाहीं, हेंही तितकेंच खरें. हरिभाऊ आपट्यांची ‘पण लक्षांत कोण घेतो’ तेलुगूंत नेणारे व रामटेकचे प्रतिनिधी राहिलेले म्हणून महाराष्ट्राचें मन रावांकडे झुकावें हें स्वाभाविक. तराजूनें मात्र झुकूं नये.

मग निर्णय काय? व्याकरणशास्त्रांत स्वतः भात शिजविणारा व दुसऱ्याकडून तो शिजवून घेणारा यांत भेद केला आहे. शिजवून घेणारा तो प्रयोजक. पाणिनीनें त्यास ‘हेतु’ म्हटलें, पण त्याचें कर्तृत्व काढून घेतलें नाहीं. आणि शिजविणाऱ्याचेंही कर्तृत्व राहिलेंच. आय. जी. पटेल यांनीं नकार दिल्यावर मनमोहनसिंगांस बोलावून त्यांस राजकीय आसरा देणारे राव हे प्रयोजक. योजनेची आंखणी व सभागृहांतील समर्थन हें काम मनमोहनसिंगांचें. चुलींतला विस्तव विझूं दिला नाहीं तो आधींच्या सरकारनें. ‘एकच कर्ता दाखवा’ हा हट्ट पक्षांचा आहे.

आणखी एक सूक्ष्म घोटाळा या वादांत नेहमीं होतो. दिवाळें टळणें ही एक गोष्ट, आणि देशाची भरभराट होणें ही दुसरी. पहिली दोन-अडीच वर्षांत घडली. तिचे कर्ते नांवानिशीं दाखवितां येतात. दुसरीचें तसें नाहीं. राष्ट्रीय उत्पन्नाची वाढ १९९१-९२ मध्यें दीड टक्क्याच्या आंत आली आणि १९९४-९५ पासून तीन वर्षें ती ६ टक्क्यांच्या वर राहिली. परंतु १९८० नंतरच्या दशकांतही ती सरासरीनें ५ टक्क्यांच्या वर होतीच. एवढ्या मोठ्या प्रवाहाचें उगमस्थान एका जुलै महिन्यांत दाखविणें हा काकतालीय न्याय होय.

सरकारी दप्तरांतील कायम जतनाचे कागद २५ वर्षांनीं राष्ट्रीय अभिलेखागाराकडे सोपवावेत, असा सन १९९७ चा नियम आहे. १९९१ च्या कागदांची ती मुदत केव्हांच भरली. मंत्र्यांच्या आठवणी पुष्कळ छापल्या गेल्या. आतां हवे आहेत ते मसुदे, त्यांवरील शेरे, आणि ज्यांचें नांव कोठेंच आलें नाहीं अशा अधिकाऱ्यांच्या रोजनिशा व घरीं धाडलेलीं पत्रें. असे कागद रद्दींत जावयास पन्नास वर्षें लागत नाहींत. घर बदलतांना एक दिवस पुरतो. संग्राहकांनीं शिवकाल व पेशवाई यांच्यासाठीं जी तत्परता दाखविली, तिचा कांहीं अंश या अलीकडच्या काळाकडेही वळवावा, इतकीच विनंती. इत्यलम्.