राखणदारांची वाडी

अहमद तोहारी यांच्या कादंबरीतली वाडी अवघ्या तेवीस घरांची आहे. सभोवार भातखाचरे, आणि शेजारच्या वस्तीशी जोडणारे अरुंद बांध. कथा सुरू होते तेव्हा दुष्काळ आहे. तीन पोरे कसावाचा कंद उपटायला धडपडत आहेत. माती इतकी कडक की ती मऊ करण्यासाठी पोरे बुंध्याशी लघवी करतात. या पहिल्याच प्रसंगातून ‘दुकुह पारुक’ची सांपत्तिक स्थिती कळते. इथे चोरण्यासारखे काही नाही.

तरीही या वाडीत सुरक्षिततेची चिंता सतत आहे, आणि तिचा उगमच गमतीदार आहे. वाडीतले सगळे ज्याचे वंशज तो कि सेचामेंगाला हा मूळचा दरोडेखोर. आयुष्याच्या उतारावर कुणी शोधू नये म्हणून तो या एकांतात येऊन राहिला. त्याची टेकडीवरची कबर हेच वाडीचे दैवत. एका लुटारूला राखणदार मानून गाव झोपी जाते. पुढे जे जे घडते त्याचे बीज मला या एका तपशिलात दिसते.

‘रोंगेंग दुकुह पारुक’ ही तीन कादंबऱ्यांची मालिका १९८२ ते १९८६ या काळात पुस्तकरूपाने आली. त्याआधी ती ‘कोंपास’ या दैनिकात क्रमशः छापली गेली होती. लेखक मध्य जावातल्या बान्युमासचे, जन्म १९४८चा. कथेचा मुलूख त्यांचा स्वतःचा. या मालिकेकडे सहसा दोन बाजूंनी पाहिले जाते: एका नर्तकीची शोकांतिका म्हणून, किंवा १९६५च्या हत्याकांडाबद्दल सुहार्तोंच्या राजवटीतच लिहिण्याचे धाडस म्हणून. दोन्ही वाचने योग्यच. पण मूळ संहिता आणि रेने लायसलॉफ यांचा इंग्रजी अनुवाद शेजारी ठेवून वाचताना मला तिसराच प्रश्न छळत राहिला. या वाडीचे रक्षण करायला जो जो येतो, तो जाताना काय घेऊन जातो?

पहिले संकट अन्नातून येते. सान्तायिब खोबऱ्याच्या पेंडीचे ‘तेंपे बोंगक्रेक’ आंबवून विकतो. सोयाबीन परवडत नाही म्हणून पेंड, इतका साधा हिशेब. एके दिवशी ते खाऊन माणसे पटापट मरू लागतात. आपला माल निर्दोष आहे हे दाखवायला सान्तायिब सगळ्यांसमोर स्वतः बोंगक्रेक खातो आणि बायकोसह मरतो. मागे राहते तान्ही मुलगी, स्रिंतिल. गाव याचे खापर अदृश्य शक्तींवर फोडते. प्रत्यक्षात पेंडीत वाढणाऱ्या एका जिवाणूचे हे विष जावातल्या डच संशोधकांनी १९३०च्या दशकातच ओळखले होते. ज्ञान त्याच बेटावर होते, बांध ओलांडून वाडीपर्यंत तेवढे आले नाही. औषधोपचारासाठी शहरातून आलेला कर्मचारी रासुसच्या आईला घेऊन जातो. ती परत येत नाही. ती मेली, की त्याच्यासोबत निघून गेली, हे रासुसला कधीच कळत नाही. मदतीचा पहिला हात असा येतो, आणि जाताना एका मुलाची आई नेतो.

वाडीत पहिल्यांदा ‘मालमत्ता’ निर्माण होते ती स्रिंतिलच्या शरीरातून. अकरा वर्षांची ही पोर फणसाच्या झाडाखाली गाताना दिसते आणि तिच्यात रोंगेंगचा, म्हणजे नर्तकीचा, संचार आहे असा आजोबा साकार्याचा निर्वाळा मिळतो. कार्तारेजा आणि त्याची बायको तिला ताब्यात घेतात. मग येतो ‘बुकाक-क्लांबू’चा विधी, शब्दशः मच्छरदाणी उघडणे. भाषांतरकाराला इथे मोह होतो तो ‘नथ उतरवणे’ लिहिण्याचा. वाचकाला लगेच कळेल, पण नेमकी एक गोष्ट हरवेल. नथ बाईच्या अंगावर असते. मच्छरदाणी ही घरातली वस्तू, आणि ती उघडण्याचा हक्क घरमालक विकतो. तोहारी हा सौदा बाजाराच्या तपशिलाने रंगवतात. एक उमेदवार म्हैस आणतो, दुसरा सोन्याचे नाणे, आणि कार्तारेजा दोघांनाही बनवून दोन्ही ठेवून घेतो. स्रिंतिलचा पालक, संरक्षक आणि दलाल एकच आहे. त्या रात्री तिने आधी स्वेच्छेने रासुसला जवळ केलेले असते. सगळ्या व्यवहारातली तिची स्वतःची अशी तेवढीच एक कृती, आणि ती गुपित राहिली म्हणूनच शक्य होते.

आता वाडीत सोने आले म्हणून दरोडेखोरही येतात. रासुस तोवर दावुआनच्या बाजारात जाऊन सैनिकांचा हरकाम्या पोऱ्या झालेला असतो. तो वाडीच्या राखणीला येतो, दरोडेखोरांना ठार करतो, गावाचा नायक होतो. स्रिंतिल त्याला लग्नाचे विचारते. तो नकार देऊन पहाटे निघून जातो आणि पुढे सैनिक होतो. दरोडेखोराच्या वंशजांना दरोडेखोरांपासून वाचवणारा हा गावचाच पोरगा, पण वाडीच्या कामी आलेली बंदूक वाडीची नाही. काही वर्षांनी तीच बंदूक दुसऱ्या बाजूने येणार आहे.

दुसऱ्या भागात बाकार नावाचा गोडबोल्या पक्ष-कार्यकर्ता येतो. तो ध्वनिक्षेपक देतो, मान देतो, मंडळीला ‘जनतेचे रोंगेंग’ म्हणवतो. सभांनंतर जमाव दुसऱ्यांच्या शेतातले भात लुटू लागतो तेव्हा म्हातारा साकार्या बिचकून मागे सरतो. मग पूर्वजाची कबर उद्ध्वस्त झालेली सापडते, आणि जवळ एक हिरवी शेतकरी टोपी. विरोधकांनीच केले अशी गावाची खात्री पटते आणि ते संतापून पुन्हा बाकारकडे जाते. टोपी कुणी ठेवली ते वाचक ओळखतो. भीती आधी पेरायची आणि मग संरक्षण विकायचे, हा धंदा तोहारी एका टोपीत दाखवतात.

१९६५ उजाडते. सेनाधिकाऱ्यांच्या हत्येनंतर जावाभर कम्युनिस्टांची आणि तशा संशयितांची कत्तल सुरू होते. मृतांचा आकडा किमान पाच लाख असावा असा अभ्यासकांचा सर्वसाधारण अंदाज आहे. कादंबरीत ही कत्तल मैदानावरून दिसत नाही. वाडीची माणसे घाबरून आपल्या पायांनी पोलीस ठाण्यात जातात, आम्ही निरपराध आहोत, आम्हाला सांभाळा, असे सांगायला. त्यांना तिथेच अटक होते. मागे वाडी जळून जाते. मला संपूर्ण त्रयीतला हा सर्वांत भयंकर प्रसंग वाटतो, कारण त्यात कुणीही कुणावर धावून जात नाही. ज्या दारात आसरा मागायचा ते दार आतून बंद होते, इतकेच.

तिसऱ्या भागात सुटून आलेली स्रिंतिल नृत्य सोडते. तिला साधी गृहिणी व्हायचे आहे. धरणाच्या कामावरचा बाजुस हा कंत्राटी माणूस तिच्याशी अदबीने वागतो, ती त्याच्यावर भरवसा ठेवते. एके दिवशी तो तिला आपल्या वरिष्ठाच्या स्वाधीन व्हायला सांगतो. ती नकार देते, तेव्हा तो तिला तिच्या तुरुंगवासाची आठवण करून देतो. तेवढे पुरते. स्रिंतिलचे भान हरपते. इंडोनेशियात पुढे माजी राजकीय कैद्यांच्या ओळखपत्रांवर ‘ईटी’ ही अक्षरे छापली जात. बाजुसला त्या शिक्क्याचीही गरज पडत नाही.

इथे तोहारींशी माझे भांडण आहे. निवेदन वारंवार वाडीच्या अडाणीपणाकडे बोट दाखवते. ही माणसे भोळी, अशिक्षित, धर्मज्ञानाला पारखी म्हणून फसली, असा सूर शेवटपर्यंत राहतो, आणि रासुसच्या तोंडून तो निर्णयासारखा येतो. पण कथा वेगळीच साक्ष देते. कार्तारेजाचा लोभ वाडीतलाच, हे खरे. पण गाव जाळण्यापर्यंत आणि स्रिंतिलला वेड लावण्यापर्यंत नेणारे सगळे वाचता-लिहिता येणारे आहेत: पक्षाचा वक्ता, यादी करणारे अधिकारी, कंत्राटदार. साकार्याला सभेतले फलक वाचता येत नव्हते, पण धोका त्यालाच सर्वांआधी जाणवला होता. वाडीचा दोष अज्ञान हा नाही. तिच्यापाशी राखणदार बदलण्याचीही सोय नव्हती, हा आहे. या ठिकाणी कथानक निवेदकापेक्षा शहाणे आहे. सुहार्तोंच्या काळात छापायचे तर दोष अडाणीपणावर ठेवणे सोयीचे होते, असेही म्हणता येईल. छपाईत गाळलेले भाग २००३च्या एकत्रित आवृत्तीत परत आले, निवेदनाचा कल मात्र तोच राहिला.

शेवटी रासुस गावी येतो आणि कोंडून ठेवलेली स्रिंतिल त्याला सापडते. तो तिला मनोरुग्णालयात नेतो. तिथे ही तुमची कोण, असे विचारले जाते आणि तो म्हणतो, होणारी बायको. वाचक सुटकेचा श्वास घेतो; पहिल्या वाचनात मीही घेतला होता. दुसऱ्या वेळी लक्षात आले की ज्या मुलीने एकदा स्वतः लग्नाचे विचारले होते, तिला या वेळी कुणी विचारलेले नाही. ती उत्तर देण्याच्या अवस्थेत नाही. गणवेशातला एक प्रेमळ माणूस तिची जबाबदारी घेतो, आणि ती जबाबदारी नात्याच्या, म्हणजे मालकीच्याच भाषेत नोंदवावी लागते. रासुसच्या हेतूवर मला शंका नाही. पण तेवीस घरांच्या त्या वाडीत आलेल्या प्रत्येक राखणदारानंतर, हा शेवटचा राखणदारही पाहताना माझा हात पानावर थोडा थबकतो.