वज्राच्या कोटि आणि रत्नशास्त्राचें प्रामाण्य

रत्नपरीक्षेच्या पोथ्यांविषयीं दोन परस्परविरुद्ध मतें ऐकूं येतात. एक पक्ष त्यांस शुभाशुभ फलांचें बाड समजून अडगळींत टाकतो. दुसरा त्यांत अर्वाचीन स्फटिकशास्त्र आधींच सांगितलें आहे असें प्रतिपादितो. वज्राचें, म्हणजे हिऱ्याचें, प्रकरण ताडून पाहतां दोन्ही मतें टिकत नाहींत.

लुई फिनो यांनीं १८९६ त पॅरिस येथें जे रत्नग्रंथ संपादून प्रसिद्ध केले, त्यांत बुद्धभट्टाची ‘रत्नपरीक्षा’ प्रमुख होय. तींत, व तिला अनुसरणाऱ्या गरुडपुराणांतील अध्यायांत, उत्तम वज्रास सहा कोटि, आठ पार्श्वें व बारा धारा असाव्या असें म्हटलें आहे. हे आंकडे केवळ सांकेतिक नव्हत. दोन चौरस सूच्या तळाशीं जोडाव्या तसा जो अष्टफलक, त्याचे कोपरे, बाजू व कडा नेमक्या इतक्याच भरतात. आणि खाणींतला हिरा पुष्कळदां याच आकाराचा असतो. कोपरे व बाजू यांच्या बेरजेंतून कडा वजा केल्यास दोन उरतात, हा १७५८ त प्रसिद्ध झालेला ऑयलरचा नियम येथें लागू पडतो. तेव्हां लेखकूनें तिहींतील एक संख्या चुकविली, तरी उरलेल्या दोहोंवरून ती ओळखतां येईल. पाठनिर्णयास इतकें निरपेक्ष साधन क्वचितच लाभतें.

परंतु एक लक्षण खरें ठरलें म्हणून सर्व लक्षणें खरीं ठरत नाहींत. उत्तम वज्र जड असावें व त्यानें भांड्यावर रेघ उमटावी, असें कौटिल्य म्हणतो. उलट वराहमिहिर ‘बृहत्संहितें’त तें हलकें असून पाण्यावर तरतें असें लिहितो. हिऱ्याचें विशिष्टगुरुत्व सुमारें ३.५ आहे, तो बुडणारच. येथें कौटिल्याचाच पक्ष ग्राह्य होय. मात्र वज्र प्रहार सहन करतें हें त्याचें वचनहि जसेंच्या तसें घेतां येत नाहीं. अष्टफलकाच्या पृष्ठांस समांतर आघात बसल्यास हिरा दुभंगतो.

दुसऱ्या पक्षाचा दावा तर याहून दुर्बळ आहे. स्फटिक लहान असो वा मोठा, त्याच्या पृष्ठांमधील कोन बदलत नाहींत, हें स्टेनोनें १६६९ त गारेवरून दाखविलें. रोमे द लील यानें १७८३ त कोन मोजून तो नियम व्यापक केला. आणि १९१३ त ब्रॅग पितापुत्रांनीं क्ष-किरणांच्या साह्यानें हिऱ्यांतील परमाणूंची मांडणी उलगडली. आमच्या परीक्षकांनीं कोपरे मोजले, कोन मोजले नाहींत. कारण त्यांस मोल ठरवावयाचें होतें, नियम शोधावयाचा नव्हता. यांत उणेपणा नाहीं. पण मोजणी म्हणजे उपपत्ति नव्हे.

म्हणून संग्राहकांनीं या पोथ्या फलश्रुतीसाठीं टाकूं नयेत व अभिमानापोटीं फुगवूंहि नयेत. संख्या, वजनें व लक्षणें यांचे पाठभेद जसे असतील तसे नोंदवावे. पदार्थाशीं न जुळणारा पाठ टीपेंत सुधारावा, मुळांत नव्हे. कारण ती चूक लेखकूची नसून ग्रंथकाराचीच असूं शकेल, आणि तीहि इतिहासाचें साधन होय.