मोठे टायर आणि अर्धे उत्तर

अमेरिकेत पिकअप ट्रक हे शेतकऱ्याचे, गवंड्याचे आणि नुसत्या हौशी माणसाचेही वाहन आहे. मागे उघडा हौदा आणि त्याखाली ट्रेलर जोडण्याची सोय. बोट, घोडे, फिरते घर, काय वाटेल ते जोडून न्यायचे. अशा ट्रकला कंपनीने दिलेल्यापेक्षा मोठे टायर बसवण्याची तिकडे फार हौस. त्याने ट्रेलर ओढण्याची क्षमता वाढते की घटते? याची दोन उत्तरे सर्रास ऐकू येतात, छापूनही येतात. पहिले चूक आहे. दुसरे बरोबर आहे, पण अर्धेच, आणि माझी खरी तक्रार या दुसऱ्याबद्दल आहे.

पहिले उत्तर असे : चाक मोठे, म्हणून जोर जास्त. या समजुतीला आपले वर्गही थोडेफार जबाबदार आहेत. बैलगाडीचे चाक मोठे का, हे आपण हौसेने शिकवतो. मोठे चाक दगडधोंडे सहज ओलांडते, आसापाशी होणाऱ्या घर्षणावर मात करायला त्याची लांब त्रिज्या उपयोगी पडते. हे सारे खरे, पण बैलगाडीचा आस कोणी फिरवत नसते. बैल गाडी ओढतात आणि रस्त्यामुळे चाक फिरते. ट्रकच्या चाकात प्रकार उलटा आहे. तेथे इंजिन आस फिरवते आणि टायरची कड रस्त्याला मागे ढकलते. म्हणजे प्रयुक्त बल आसाशी आणि भार कडेला. त्रिज्या वाढली की कडेला मिळणारे बल कमी होणार. गंमत अशी, की मागच्या ट्रेलरचे चाक मात्र बैलगाडीच्याच जातीचे असते. एकाच रस्त्यावर, एकाच वेगाने फिरणारी ही दोन चाके वर्गात शेजारी शेजारी काढून दाखवावीत.

पकडीचा मुद्दा थोडक्यात. कोरड्या डांबरी रस्त्यावर पकड ठरते ती मुख्यतः चाकावरचे वजन आणि टायरचे रबर यांवरून. व्यासाने तीत फारसा फरक पडत नाही. चिखलात किंवा वाळूत मात्र मोठ्या टायरचा खरोखर उपयोग होतो.

आता दुसरे उत्तर. फोर्ड एफ-१५० या ट्रकवर २७५/६५ आर १८ या मापाचे टायर येतात. रुंदी २७५ मिलिमीटर, बाजूची उंची रुंदीच्या ६५ टक्के म्हणजे १७९ मिलिमीटर, आतली रिम १८ इंच. बेरीज केली की व्यास सुमारे ८१५ मिलिमीटर येतो. त्याजागी ३५ इंची, म्हणजे ८८९ मिलिमीटरचे टायर लावले तर त्रिज्या ९ टक्क्यांनी वाढते आणि त्याच गिअरमध्ये रस्त्यावर मिळणारे बल सुमारे ८ टक्क्यांनी घटते. गणित चोख आहे. पण येथेच थांबून ‘ओढण्याची क्षमता ८ टक्क्यांनी घटली’ असे लिहिले जाते, ते मला पटत नाही.

चढाला टायरचे माप कळत नाही. ट्रक आणि ट्रेलर मिळून ६५०० किलोग्रॅम धरा, चढ १२ टक्क्यांचा. वर सरकायला रस्त्यावर साधारण ८३०० न्यूटन बल लागते, टायर कोणताही असो. मूळ टायर असताना त्यासाठी आसावर सुमारे ३३८० न्यूटन-मीटरचा पीळ लागेल, मोठ्याने ३६९०. हा वाढीव पीळ खालचा गिअर टाकून मिळवता येतो. ठरावीक वेगाने चढायला लागणारी शक्ती जवळपास तेवढीच राहते. म्हणून दहा गिअरच्या नव्या ट्रकमध्ये चालकाला हा फरक पुष्कळदा जाणवतही नाही. अडचण येते ती सर्वांत खालच्या गिअरमध्ये, कारण त्याखाली जायला जागा नसते. उपायही आहे. मागच्या आसाचे गिअर गुणोत्तर ३.५५ असेल तर ते ३.८७ च्या आसपास नेले की मूळ स्थिती परत येते.

एवढ्याने ओढण्याचा प्रश्न बव्हंशी सुटतो, थांबवण्याचा नाही. क्षमतेच्या चर्चेत ब्रेक शेवटच्या ओळीत येतो किंवा येतच नाही, हे मला सर्वांत खटकते. ब्रेकची चकती तीच, त्रिज्या मात्र वाढलेली. तेच रोधक बल मिळवायला चकती ९ टक्के जास्त दाबावी लागते. ‘मोठ्या टायरने ब्रेक जास्त तापतात’ असेही म्हणतात, ते या कारणाने मुळीच नव्हे. वेग सारखा असेल तर थांबताना निघणारी उष्णता सारखीच, कारण चाक तितकेच सावकाश फिरते. उष्णता वाढते ती वेगमापकामुळे. टायर बदलून मापक जुळवला नाही, तर काटा ९० दाखवताना गाडी ९८ ने धावत असते. वेगाचा वर्ग घ्या. गतिज ऊर्जा १९ टक्क्यांनी वाढली, आणि मागे काही टनांचा ट्रेलर आहे.

कंपनीने दिलेला ओढण्याचा आकडा तरी काय असतो? अमेरिकेतील वाहन अभियंत्यांच्या संस्थेने २००८ साली जे-२८०७ हे मानक प्रसिद्ध केले. त्यात १२ टक्के चढावर उभ्या गाडीने पुनःपुन्हा सुरुवात करावी लागते. ॲरिझोनातील डेव्हिस धरणाजवळचा सुमारे १८ किलोमीटरचा चढ, वातानुकूलन पूर्ण चालू ठेवून, ठरावीक किमान वेगाच्या खाली न येता चढावा लागतो. शिवाय वळणावरची स्थिरता आणि ब्रेक यांच्याही कसोट्या आहेत. या सर्वांतून जी मर्यादा आधी आड येते, तिच्यावरून आकडा ठरतो. ती खालच्या गिअरमधील जोराची असेलच असे नाही. इंजिन तापण्याची असेल, जोडाच्या मजबुतीची असेल. मग त्यातून ८ टक्के वजा करणे कशाच्या आधारावर?

वर्गासाठी एक सोपा प्रयोग. एका आसावर दोरा गुंडाळून वजन टांगावे आणि त्याच आसावर पाळीपाळीने दोन निरनिराळ्या व्यासांच्या पुठ्ठ्याच्या चकत्या घट्ट बसवाव्यात. आस फिरू न देण्यासाठी चकतीच्या कडेला किती बल लागते, ते ताणकाट्याने मोजावे. मोठ्या चकतीला ते कमी भरेल. नंतर टांगलेले वजन काढून आस चिमटीत धरावा आणि चकतीची कड दुसऱ्या विद्यार्थ्याला सारख्याच बलाने ओढू द्यावी. मोठ्या चकतीला चिमूट किती जास्त आवळावी लागते, ते पहिल्याच वेळी बोटांना कळते.