दोन पेन्सांचा हिशेब

'मेरी पॉपिन्स' हा वॉल्ट डिस्ने यांचा बोलपट १९६४ साली पडद्यावर आला, आणि तेव्हापासून तो मुलांचा म्हणूनच ओळखला जातो. छत्री धरून आकाशातून उतरणारी आया, खडूने काढलेल्या चित्रात शिरून केलेली भ्रमंती, हसता हसता छताला जाऊन टेकणारे गृहस्थ, अशा गमती त्यात विपुल आहेत. परंतु आम्हांस विचाराल, तर ही कथा मुलांची नव्हे. ती जॉर्ज बँक्स या बापाची आहे.

काळ १९१० चा, नगर लंडन. बँक्ससाहेब एका पेढीवर अधिकारी आहेत आणि घरही पेढीसारखेच घड्याळावर चालावे असा त्यांचा आग्रह. आपल्याला कशी आया हवी याची जाहिरात मुले स्वतः लिहून आणतात. बाप ती फाडून शेगडीत टाकतो. दुष्ट बाप रंगविणे सोपे असते. डेव्हिड टॉम्लिन्सन यांनी रंगविलेला बाप दुष्ट नाही, तृप्त आहे. आपण कर्तव्य चोख बजावीत आहोत अशी त्याची मनोमन खात्री आहे, म्हणूनच तो ओळखीचा वाटतो.

बोलपटाचा प्राण आहे दोन पेन्सांच्या नाण्यांत. सेंट पॉलच्या मंदिराच्या पायऱ्यांवर एक म्हातारी पाखरांसाठी पावाचा चुरा विकते. देवळाच्या पायरीवरची ही म्हातारी आमच्या वाचकांस परकी वाटणार नाही. जेन डार्वेल यांची पडद्यावरची ही अखेरची भूमिका. ती क्षणभराचीच आहे, पण विसरता येत नाही. लहानग्या मायकेलला आपले दोन पेन्स तिला द्यायचे आहेत. बाप मात्र त्याला पेढीत नेतो, तेथे वृद्ध अध्यक्ष ती नाणी हिसकावतात, मुलगा आपले पैसे परत मागत ओरडतो, आणि ते ऐकून ठेवीदारांची अशी झुंबड उडते की पेढीला व्यवहार थांबवावे लागतात. त्याच रात्री बापाला बोलावणे येते. तो निघण्याआधी मायकेल ती नाणी त्याच्या हातावर ठेवतो आणि यांनी सारे सुरळीत होईल का, असे विचारतो. बाप केवळ आभार मानतो. दिग्दर्शक रॉबर्ट स्टीव्हन्सन यांनी येथे काहीही जादू केलेली नाही, हे त्यांचे मोठेपण.

पुढे मात्र कथा भित्री होते. नोकरी गेलेला बाप मुलांचा फाटका पतंग जोडून घरी येतो, येथवर सारे मनाला भिडते. पण वृद्ध अध्यक्ष विनोदावर हसत हसत मरतात काय, आणि बँक्ससाहेबांना भागीदारीच मिळते काय! ज्या त्यागाची किंमत सकाळीच व्याजासह परत मिळते, तो त्याग कसला? शिवाय आईचे काय? ती स्त्रियांच्या मताधिकाराच्या चळवळीत धावणारी बाई. अखेरीस तिचा चळवळीचा पट्टा पतंगाची शेपटी होतो. मुलांकडे दुर्लक्ष केले बापाने, आणि आपले काम सोडले आईने! इंग्लंडात स्त्रियांना मत मिळाले ते १९१८ साली, तेही तिशी ओलांडलेल्यांना आणि मालमत्तेच्या अटीवर. हा विनोद आम्हांस तरी गोड लागला नाही.

२०१८ साली या कथेचा पुढचा भाग निघाला. त्यात प्रौढ मायकेलचे घर कर्जापायी जाऊ घातले असता कळते की ते दोन पेन्स पेढीत गुंतविलेले होते आणि वाढता वाढता कर्ज फेडण्याइतके झाले आहेत. म्हणजे नाणी हिसकावणाऱ्या अध्यक्षांचेच म्हणणे खरे ठरले, आणि पाखरे उपाशी राहिली ते योग्यच झाले! पहिल्या बोलपटाच्या मर्मावर इतका उघड घाव घालूनही तो कोणाला खटकू नये, याचे आम्हांस आश्चर्य वाटते.

म्हणून पुन्हा पाहावा तो पहिलाच. अखेरीस सारे कुटुंब पतंग उडविण्यात दंग असते, मेरी पॉपिन्सचा निरोप घेण्याचेही कोणाला भान नसते. तिच्या छत्रीच्या मुठीवरचा पोपट ते तिला खोचकपणे सांगतो. तिला वाईट वाटते, पण ती ते दाखवीत नाही. ज्यूली अँड्र्यूज यांचा हा संयम पाहण्यासारखा आहे. त्या पोपटाचा आवाज टॉम्लिन्सन यांचाच आहे.