हॅलोच्या पुढे काय?

स्काउट-गाइड मुलामुलींचा ‘जांबोरी ऑन द एअर’ हा बिनतारी मेळावा दरवर्षी ऑक्टोबरमध्ये जगभर भरतो. १९५७ साली इंग्लंडमधील सटन पार्क येथे झालेल्या जागतिक जांबोरीत काही हौशी रेडिओचालक एकत्र आले. त्यातून ही कल्पना निघाली आणि मे १९५८ मध्ये पहिला मेळावा झाला.

उपक्रम मोलाचा आहे, म्हणूनच त्याच्या नेहमीच्या स्वरूपाविषयी आम्हाला तक्रार आहे. परवानाधारक चालक यंत्र लावून देतो. मुले रांगेने येतात, माइकवर नाव-गाव सांगतात आणि निघून जातात. परवाना नसलेल्या मुलाने चालकाच्या देखरेखीखालीच बोलायचे असते, त्यामुळे एकेकाच्या वाट्याला मिनिटभरच येणार, हे समजण्यासारखे आहे. पण रांगेत गेलेल्या तासाचे काय? १९५८ साली परदेशी मुलाशी बोलणे हेच नवल होते. आज ते फोनवर सहज घडते.

रेडिओचे खरे शिक्षण त्याच्या बेभरवशात आहे. लघुलहरी आयनांबरातून, म्हणजे वातावरणाच्या वरच्या विद्युतभारित थरांतून, वळून जमिनीवर परततात. ७ मेगाहर्ट्झवर दिवसा बहुधा जवळचीच केंद्रे लागतात, कारण खालचा ‘डी’ थर लहरी शोषतो. सूर्यास्तानंतर तो विरून जातो आणि दूरचे आवाज येऊ लागतात. सूर्यावर डाग वाढले की आयनांबर अधिक भारित होते व वरच्या कंप्रतांवरही दूरचा संपर्क साधतो. पहिला मेळावा नेमका अशाच काळात, नोंदींतील सर्वांत मोठ्या सौरशिखराच्या सुमारास भरला होता.

तेव्हा रांगेतल्या मुलांच्या हाती तार आणि मोजपट्टी द्यावी. १४.२ मेगाहर्ट्झची तरंगलांबी ३०० भागिले १४.२, म्हणजे सुमारे २१ मीटर. तिच्या निम्म्याहून पाचएक टक्के कमी, म्हणजे १० मीटर तार घ्यावी. तिचे पाच-पाच मीटरचे दोन तुकडे करून मधोमध केबल जोडली की एरियल झाले. ते विजेच्या तारांपासून दूर बांधावे. दुसऱ्या गटाने दर तासाला कोणते देश ऐकू आले ते नकाशावर मांडावे.

शिबिराच्या अहवालात किती देशांशी बोललो याचा आकडा हौसेने छापतात. त्याशेजारी कोणता आवाज किती वाजता हरवला, हेही लिहावे. तो का हरवला, हे मुले विचारू लागली की पुढचा तास शिक्षकांचा आहे.