देवी प्रसाद यांची सेवाग्रामची वर्षे : एक पुनर्विचार

आधुनिक भारतीय मृत्कलेविषयी लिहिताना देवी प्रसाद (१९२१–२०११) यांच्या आयुष्याचे सहसा तीन भाग पाडले जातात : शांतिनिकेतनातील शिक्षण, सेवाग्राममधील १९४४ ते १९६२ पर्यंतचे कलाध्यापन, आणि त्यानंतर लंडन व दिल्ली. मधल्या भागाचा उल्लेख आदराने होतो, परंतु तो आदर बहुतांशी गांधीजींच्या नावाला असतो. कलावंत म्हणून त्यांची खरी घडण कोठे झाली या प्रश्नाचे उत्तर मात्र सेवाग्रामच्या त्या अठरा वर्षांतच शोधावे लागेल, असे मला वाटते. हे मत मांडण्याचा थोडा अधिकार आपल्या भागातील माणसाला आहे. पांढुर्ण्याहून निघालेला लोहमार्ग नरखेड, काटोल, नागपूर करीत सेवाग्रामलाच पोचतो. १९५६ पर्यंत आपला छिंदवाडा जिल्हा आणि वर्धा जिल्हा एकाच प्रांतात होते. ज्या ऋतुचक्रात हा कलावंत वावरला ते आपल्या परिचयाचे आहे. दिल्लीच्या समीक्षकाला ते पुस्तकातून समजून घ्यावे लागते.

डेहराडूनमध्ये जन्मलेले देवी प्रसाद हे नंदलाल बोस यांचे विद्यार्थी. या परंपरेचा महाराष्ट्राशी संबंध आधीच जुळला होता. १९३६ साली खानदेशातील फैजपूरला काँग्रेसचे पहिले ग्रामीण अधिवेशन भरले, तेव्हा नंदलालबाबूंनी बांबू आणि गावात मिळणाऱ्या साध्या साहित्यातून सारी सजावट उभी केली होती. पुढच्याच वर्षी, ऑक्टोबर १९३७ मध्ये, वर्ध्याच्या परिषदेत नयी तालीमची कल्पना मांडली गेली. ती प्रत्यक्षात आणणारे आर्यनायकम् आणि आशादेवी हे दांपत्यही शांतिनिकेतनातूनच आलेले होते. तेव्हा १९४४ साली हिंदुस्तानी तालिमी संघात कलाशिक्षक म्हणून दाखल झालेला हा तरुण अगदीच परक्या घरी आला नव्हता.

शिक्षणाने तो चित्रकार होता; मातीकडे वळला तो सेवाग्रामच्या काळात. असे का घडले असावे? माझा तर्क असा : शेती, सूतकताई, स्वयंपाक आणि सफाई हाच जेथे अभ्यासक्रम, तेथे प्रत्येक वस्तूला ‘तुझा उपयोग काय’ हा प्रश्न रोज विचारला जातो. भिंतीवरच्या चित्राला त्याचे उत्तर देता येते, पण थोडे लांबण लावून. वाडग्याला लांबण लावावे लागत नाही.

नमन आहुजा यांनी २०१० साली दिल्लीत देवी प्रसाद यांच्या कार्याचे मोठे प्रदर्शन मांडले आणि ‘द मेकिंग ऑफ अ मॉडर्न इंडियन आर्टिस्ट-क्राफ्ट्समन : देवी प्रसाद’ हा ग्रंथ २०११ साली प्रसिद्ध झाला. या विषयावर इतके साक्षेपी काम दुसरे नाही. आनंद कुमारस्वामी, रवींद्रनाथ, गांधीजी आणि इंग्लंडमधील कला-कारागिरी चळवळ यांच्या संगमावर आहुजा या कलावंताला उभा करतात, आणि ते योग्यच आहे. माझी अडचण ग्रंथाच्या नावातील एका लहानशा जोडरेघेपाशी सुरू होते. ‘कलावंत’ आणि ‘कारागीर’ या दोन शब्दांना ती रेघ जोडते खरी, पण त्यांच्यामधले अंतर मिटवते काय?

याचे उत्तर शोधण्यासाठी आपल्याकडच्या कुंभाराचे वर्ष थोडे पाहिले पाहिजे. आषाढ-श्रावणात माती वाळत नाही. घडवलेले भांडे आतून ओले राहिले आणि आव्यात गेले, तर पाण्याची वाफ होऊन ते तडकते. म्हणून त्या दिवसांत मोठे काम बंद. पोळ्याचे बैल तेवढे होतात. आपल्याकडे पोळा आणि दुसऱ्या दिवशीची जाम नदीवरची गोटमार एवढेच बाहेरच्यांना ठाऊक असते. घरात पुजलेली ती मातीची जोडी कोणाच्या हातची, हे घरच्यांनाही अनेकदा ठाऊक नसते. पाऊस ओसरला की घटस्थापनेचे घट, मग भुलाबाई, दिवाळीच्या पणत्या, संक्रांतीची सुगडी. थंडी सरताच माठ आणि रांजण यांची घाई सुरू होते, कारण वर्षाची मिळकत खरी तेथेच. अक्षय्य तृतीयेला पितरांच्या नावाने भरायची घागर नवीच लागते. पूर्वी याच उन्हाळ्यात कवेलूंचे आवेही लागत, कारण मृगाच्या आत घरे शाकारायची असत. सिमेंटचे आणि लोखंडी पत्रे आले आणि कुंभाराच्या वर्षातला तो मोठा हिस्सा जवळजवळ निघूनच गेला.

आवा ही गोष्ट बाहेरून अगदी साधी दिसते. जमिनीवर भांड्यांची उतरंड, मध्ये गोवऱ्या, काटक्या, भुसा, वरून राख-मातीचे लिंपण. पण सातशे ते नऊशे अंशांपर्यंतची ती आच किती वेळ धरायची, वारा कोठून घ्यायचा, कधी उघडायचे, हे सारे अनुभवाने ठरते. काळी माती वाळताना फार आकसते आणि चिरा पडतात. म्हणून तिच्यात लीद, राख, वाळू मिसळायची. लीद भाजताना जळून जाते आणि भांड्यात बारीक छिद्रे राहतात. त्यांतून पाणी पाझरते, हवेत उडून जाते, आणि जाताना माठातल्या पाण्याची उष्णता घेऊन जाते. म्हणजे माठाचे काम त्याच्या अपुरेपणावर चालते. पूर्ण आवळून भाजलेले भांडे मे महिन्यात निरुपयोगी.

देवी प्रसाद यांची पुढच्या काळात नावाजलेली भांडी नेमकी याच्या उलट टोकाची आहेत. वाडगे, बरण्या, पेले, चहाच्या किटल्या : बाराशे अंशांच्या पुढे भाजलेली, झिलई चढवलेली, पाणी न पाझरणारी पक्की दगडी भांडी. त्यांचे मोठेपण संयमात आहे. आकार कोठेही आपल्याकडे बोट दाखवीत नाही. कान धरायला सोयीचा आणि तोटी ओतायला नेमकी. ‘वस्तू प्रथम कामाला यावी’ हा त्यांतला आग्रह मला सेवाग्रामचा वाटतो. बर्नार्ड लीच यांच्या १९४० च्या ‘अ पॉटर्स बुक’नंतर जगभरच्या हस्तकुंभारांनी हाच मार्ग धरला, हे खरे, पण लीच यांच्याकडे तो आग्रह जपानातून आला, आणि देवी प्रसाद यांच्या बाबतीत तो आश्रमाच्या स्वयंपाकघरातून आला असावा. हा फरक लहान नाही.

तरीही एक गोष्ट स्पष्ट म्हटली पाहिजे. ही भांडी वर्ध्याच्या कुंभारवाड्यापर्यंत पोचली नाहीत. फेल्डस्पार, उष्णतारोधक विटा, इतके जळण हे सारे गावच्या कुंभाराच्या आवाक्यातले नव्हते. आणि त्याच्या गिऱ्हाइकाला हवा होता थंड पाण्याचा माठ, झिलईचा वाडगा नव्हे. दोघांनी माती मळली, दोघांनी चाक फिरवले, पण एकाचे वर्ष पंचांगाने बांधलेले होते आणि दुसऱ्याचे स्वतःच्या निश्चयाने. १९६२ साली देवी प्रसाद सेवाग्राम सोडून लंडनला गेले आणि ‘वॉर रेझिस्टर्स इंटरनॅशनल’ या युद्धविरोधी संघटनेचे महामंत्री झाले. १९६८ साली चेकोस्लोव्हाकियावरील आक्रमणाच्या विरोधात या संघटनेने मॉस्कोसह पूर्व युरोपच्या राजधान्यांत निदर्शने घडवली, तेव्हा ते त्याच पदावर होते. असे आयुष्य वंदनीय आहे. परंतु ते निवडता येते तो कारागीर आणि जन्माने चाकाला बांधलेला कारागीर यांना एकाच शब्दात बसवणे मला जमत नाही. यात देवी प्रसाद यांना दोष नाही. जोडरेघ वापरणाऱ्यांनी मात्र थोडे थांबायला हवे.

मग सेवाग्रामला त्यांनी दिले काय? माझ्या मते त्याचे उत्तर भांड्यांपेक्षा मुलांत सापडते. ‘शिक्षा का वाहन : कला’ हे त्यांचे हिंदी पुस्तक नॅशनल बुक ट्रस्टने काढले असून आपल्याकडच्या वाचकाला ते सहज वाचता येईल. ग्रामीण मुलांबरोबरच्या अनुभवातून आलेले हे विचार आहेत. मुलाला नमुना देऊ नये, त्याच्या चित्राला मोठ्यांच्या चित्राचे माप लावू नये, आणि कला हा आठवड्यातून दोन तासांचा विषय नसून साऱ्या शिक्षणाचा पाया आहे, हे त्यांचे म्हणणे. सेवेत असताना शालेय चित्रकला स्पर्धांना प्रमुख पाहुणा म्हणून मी पुष्कळदा बसलो आहे. दोन डोंगर, मधून उगवणारा सूर्य, एक झोपडी आणि एक नारळाचे झाड, असे चित्र प्रत्येक वेळी पहिले येई. पांढुर्णा-सौसरच्या मुलाने संत्र्याचा बगीचा सोडून नारळ का काढावा, याचे कारण या पुस्तकात मिळते. भाषा जरा कोरडी आहे आणि तेच मुद्दे पुन्हा पुन्हा येतात. तरी शिक्षकांनी ते वाचावे.

आपल्याकडे कुंभाराविषयी प्रेम नाही असे नाही. तेरचे संत गोरोबा काका आपल्या प्रत्येक जुन्या घराच्या कीर्तनात येतात. थापटण्याने एकेका संताचे डोके वाजवून पाहणारे आणि नामदेवांना कच्चे मडके ठरवणारे गोरोबा मला मराठीतले पहिले समीक्षक वाटतात : निकष स्वतःच्या धंद्यातला, निर्णय निर्भीड आणि समोरच्याचे नाव कितीही मोठे असो. पण या कथेतला आध्यात्मिक अर्थ आपण इतका उचलला की थापटणे विसरून गेलो. बाजारात माठ घेताना आपण बोटाच्या पेराने तो वाजवून पाहतो, नाद खणखणीत आला तर घेतो आणि मग किमतीत दहा रुपये कमी करवून घेतो. गावच्या मृत्कलेची आपली समीक्षा एवढ्यावर संपते.

शासनाचे लक्ष नाही असेही म्हणता येणार नाही. खादी आणि ग्रामोद्योग आयोगाने २०१८ पासून कुंभारांना विजेवर चालणारी चाके देण्याची योजना राबवली. हाताचे कष्ट वाचले, हे चांगलेच झाले. परंतु चाकाचा वेग ही कुंभाराची मुख्य अडचण कधीच नव्हती. माती कोठून आणायची, भांडी वाळवायला अंगण आणि आवा लावायला मोकळी जागा कोठे मिळायची, धुराची तक्रार करणाऱ्या नव्या शेजाऱ्याला काय सांगायचे, या त्याच्या अडचणी आहेत. सेवाग्रामला देवी प्रसाद यांच्या पाठीशी एक संस्था आणि तिची जमीन होती. कुंभाराच्या पाठीशी गाव असते, किंवा नसते.

यासंबंधी कायदा मुका नाही. मध्य प्रदेश भू-राजस्व संहिता, १९५९ प्रमाणे प्रत्येक गावाचे निस्तारपत्रक तयार करायचे असते, आणि गावकऱ्यांनी जळणासाठी लाकूड, मुरूम, वाळू, माती कोणत्या अटींवर घ्यायची याची नोंद त्यात अपेक्षित आहे. चाऱ्याची आणि स्मशानाची जागा लोकांना माहीत असते, कारण तिच्यावरून भांडणे होतात. मातीवरून भांडायला कुंभाराजवळ माणसे नसतात. पांढुर्णा २०२३ साली स्वतंत्र जिल्हा झाला, जिल्हा कचेरी आता जवळ आली आहे. आपल्या गावच्या निस्तारपत्रकात माती काढण्याची जागा कोणती लिहिली आहे आणि त्या जागेवर आज काय उभे आहे, हे पटवाऱ्याकडे एक फेरी मारून कोणालाही पाहता येईल.